सिडनी फार्बर

डॉ. सिडनी फार्बर (३० सप्टेंबर, १९०३:बफेलो, न्यू यॉर्क, अमेरिका – ३० मार्च, १९७३:बॉस्टन, मॅसेच्युसेट्स, अमेरिका) हे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग-संशोधक होते. लहान मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगाला औषधाने काही काळ तरी आवर घालता येतो, हे त्यांनी १९४८ साली दाखवून दिले. आधुनिक केमोथेरपीच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते.

जीवन आणि शिक्षण

फार्बर यांचा जन्म एका ज्यू कुटुंबात झाला. चौदा भावंडांत ते तिसरे. थोरले बंधू मार्विन हे तत्त्वज्ञ म्हणून प्रसिद्ध आहेत. १९२३ साली बफेलो विद्यापीठाची पदवी घेतल्यावर सिडनी यांनी वैद्यकीय शिक्षणाचा प्रारंभ जर्मनीतील हायडेलबर्ग व फ्रायबुर्ग येथे केला. कारण त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांना मोजकेच प्रवेश मिळत. पुढे हार्वर्डमध्ये प्रवेश मिळून १९२७ साली ते डॉक्टर झाले. बॉस्टनच्या बाल रुग्णालयाचे ते पहिले पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ होत. त्यांच्या पत्नी नॉर्मा या कवयित्री व बालसाहित्यिक होत्या.

संशोधन

विकृतिशास्त्रज्ञाचे काम बहुधा मृत्यूनंतर सुरू होते. रक्तकर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना, ही मुले जिवंत असतानाच त्यांच्यासाठी काही करता येईल का, हा प्रश्न फार्बर यांच्यापुढे उभा राहिला. तीव्र रक्तकर्करोगात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी रक्तपेशींना जागाच उरत नाही. त्या काळी निदानानंतर मूल बहुधा काही आठवडे किंवा काही महिनेच जगत असे.

या संशोधनाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ नंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश वैद्यक लुसी विल्स यांनी मुंबईतील गिरणी कामगार गर्भवतींच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्कातील एका घटकाने तो बरा होतो, असे त्यांना आढळले. हाच घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. फॉलिक आम्लाने रक्त सुधारते, तर रक्तकर्करोगातही त्याचा लाभ होईल, या आशेने फार्बर यांनी त्याची संयुगे रुग्णांना दिली. परंतु त्यामुळे रोग अधिकच बळावल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. या अपयशातून त्यांनी उलट अनुमान काढले: फॉलिक आम्लाने रोग वाढत असेल, तर त्याचे कार्य रोखल्यास तो हटला पाहिजे.

असे रोधक द्रव्य त्यांना लेडर्ली प्रयोगशाळेतून मिळाले. तेथील संशोधनप्रमुख डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे मूळचे आंध्रातील भीमावरमचे. त्यांच्या चमूने तयार केलेले अमिनोप्टेरिन रचनेने फॉलिक आम्लासारखेच असते. मात्र ते पेशीत शिरून डीएनएच्या निर्मितीत अडथळा आणते. १९४७ च्या डिसेंबरअखेर फार्बर यांनी ते वापरण्यास सुरुवात केली. मरणासन्न मुलांवर विषारी औषधे वापरू नयेत, असे अनेक सहकाऱ्यांचे मत होते आणि त्यांना विरोधही झाला. तीव्र रक्तकर्करोगाच्या १६ बालरुग्णांपैकी १० जणांत सुधारणा दिसली. अंथरुणाला खिळलेली मुले हिंडूफिरू लागली. मात्र हा उतार तात्पुरता होता. ३ जून, १९४८ रोजी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात फार्बर यांनी ही मर्यादा आणि औषधाचे दुष्परिणाम लपविले नाहीत. त्यानंतर दोनच महिन्यांत सुब्बाराव यांचे निधन झाले.

जिमी फंड

संशोधनासाठी पैसा उभा करणे हेही फार्बर आपलेच काम मानीत. २२ मे, १९४८ रोजी त्यांच्या एका बालरुग्णाचा रेडिओ कार्यक्रम देशभर प्रसारित झाला. ओळख गुप्त राहावी म्हणून त्याला जिमी हे नाव देण्यात आले. श्रोत्यांकडून दोन लाख डॉलरहून अधिक देणग्या जमल्या आणि जिमी फंड सुरू झाला. त्याच्या साहाय्याने उभारलेल्या इमारतीत औषधांबरोबरच आहार, मानसिक आधार व कुटुंबाची विचारपूस यांचाही उपचारात समावेश होता. मेरी लास्कर यांच्यासह त्यांनी चालविलेल्या प्रयत्नांचा १९७१ च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यात मोठा वाटा होता.

वारसा

१९६६ साली फार्बर यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांनी स्थापन केलेली संस्था आज डाना-फार्बर कर्करोग संस्था म्हणून ओळखली जाते. अमिनोप्टेरिनची जागा पुढे मेथोट्रेक्झेट या त्याच वर्गातील औषधाने घेतली. ते आजही बालकांच्या रक्तकर्करोगावर आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरची गुंतागुंत टाळण्यासाठी वापरले जाते. एका औषधाने मिळणारा उतार टिकत नव्हता. अनेक औषधांच्या एकत्रित उपचारांनी तो टिकू लागला. जो रोग एकेकाळी हमखास प्राणघातक होता, त्यातून प्रगत उपचार मिळणारी बहुसंख्य मुले आज बरी होतात.