विश्लेषण : ‘क्वर्टी’ला आव्हान देणारे ऑगस्ट ड्वोरॅक कोण होते? त्यांचा कीबोर्ड मागे का पडला?

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी कीबोर्डचे प्रकार उघडले की ‘क्वर्टी’च्या सोबतीला ‘ड्वोरॅक’ असे एक नाव दिसते. क्वर्टी हे नाव वरच्या ओळीतील पहिल्या सहा अक्षरांवरून पडले, म्हणून ड्वोरॅकही तसेच काही असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. टंकन करणाऱ्यांची बोटे आणि मनगटे विनाकारण राबतात, असे म्हणत या अमेरिकी प्राध्यापकाने जवळपास चार दशके लढा दिला. तो त्यांच्या हयातीत यशस्वी झाला नाही.

ड्वोरॅक कोण होते?

ऑगस्ट ड्वोरॅक यांचा जन्म ५ मे १८९४ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ग्लेन्को या गावी झाला. शैक्षणिक मानसशास्त्र हा त्यांचा विषय. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे ना ते यंत्र बनवणारे, ना व्यापारी. टाइपरायटरकडे ते वळले ते एका विद्यार्थिनीमुळे. गर्ट्रूड फोर्ड या टंकनातील चुकांवर प्रबंध लिहीत होत्या आणि ड्वोरॅक त्यांचे मार्गदर्शक होते. मुले चुका का करतात याचा शोध घेताना दोष मुलांपेक्षा कीबोर्डचाच जास्त आहे, या निष्कर्षाला ते आले. मग मेहुणे विल्यम डीली यांना सोबत घेऊन त्यांनी इंग्रजीत कोणती अक्षरे किती वेळा येतात, कोणत्या जोड्या वारंवार येतात, कोणते बोट किती भार पेलते, याचा अभ्यास सुरू केला.

त्या काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दाम्पत्याचा ‘हालचालींचा अभ्यास’ गाजत होता. गवंड्याला एक वीट रचायला १८ हालचाली लागत, त्या पाचच्या आत आणता येतात, हे फ्रँक गिलब्रेथ यांनी दाखवून दिले होते. ड्वोरॅक आणि डीली यांनी तीच नजर टंकन करणाऱ्या बोटांकडे वळवली.

क्वर्टीत खोट काय होती?

क्वर्टीचे जनक ख्रिस्तोफर शोल्स यांनी सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये टाइपरायटरचे पेटंट घेतले आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून ही मांडणी झाली, हे नेहमी सांगितले जाते. तारायंत्र चालवणाऱ्यांच्या सोयीचा त्यात वाटा होता, असे मानणारेही अभ्यासक आहेत. मुद्दा असा की, ही मांडणी ठरली तेव्हा दहा बोटांनी, खाली न बघता टंकन करण्याची पद्धत रुळलेलीच नव्हती. खुद्द शोल्स यांनाही ती अंतिम वाटत नव्हती. त्यांनी वेगळ्या मांडणीच्या पेटंटसाठी १८८९ मध्ये अर्ज केला. १८९० मध्ये ते वारले आणि पेटंट मिळाले १८९६ मध्ये.

परिणाम असा झाला की बोटे जिथे विसावतात त्या मधल्या ओळीत, म्हणजे टायपिंग क्लासच्या भाषेत ‘होम रो’वर, पाचपैकी एकच स्वर उरला. इंग्रजीत सर्वाधिक लागणारी ई आणि टी ही अक्षरे वरच्या ओळीत गेली. बहुतेक लोक उजव्या हाताचे, पण काम जास्त डाव्या हाताला. ‘मिनिमम’ हा शब्द इंग्रजीत टाइप करून पाहा. सातही अक्षरे उजव्या हाताची आणि बोटे सारखी खालून वर, वरून खाली उड्या मारतात.

ड्वोरॅक यांनी काय बदलले?

त्यांनी पाचही स्वर डाव्या हाताखाली मधल्या ओळीत मांडले : ए, ओ, ई, यू, आय. उजव्या हाताखाली त्याच ओळीत डी, एच, टी, एन, एस ही सर्वाधिक लागणारी व्यंजने. इंग्रजी शब्दांत स्वर आणि व्यंजने बहुधा आलटून पालटून येतात. त्यामुळे एक हात कळ दाबतो तेव्हा दुसरा पुढच्या कळीवर पोहोचलेला असतो. वरचाच ‘मिनिमम’ या मांडणीत उजवा-डावा-उजवा-डावा असा अगदी तालात उमटतो. साधारण ७० टक्के काम मधल्या ओळीतच उरकते, क्वर्टीत हेच प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास, असा या मांडणीच्या बाजूचा हिशेब आहे.

मे १९३२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते १२ मे १९३६ रोजी मिळाले. त्याच वर्षी ड्वोरॅक, डीली, फोर्ड आणि नेली मेरिक यांचे ‘टाइपरायटिंग बिहेवियर’ हे जाडजूड पुस्तक आले. टंकन स्पर्धांत ड्वोरॅक यांच्या मांडणीवर शिकलेल्या मुलांनी बक्षिसे मिळवली. पण ती मंदीची वर्षे होती. कार्यालयात चालू असलेली यंत्रे बदलून नवी घ्यायची आणि वर टंकलेखकांना पुन्हा शिकवायचे, हा खर्च कोण करणार?

नौदलाच्या चाचणीत काय घडले?

दुसऱ्या महायुद्धात ड्वोरॅक नौदलात लेफ्टनंट कमांडर होते. कामातील वेळ आणि हालचाली वाचवणे हाच तिथेही त्यांचा विषय. टंकलेखकांचा तुटवडा असल्याने नौदलाने १९४४ मध्ये १४ जणांना नव्या मांडणीवर शिकवून पाहिले. सरासरी ५२ तासांत त्यांनी आपला जुना वेग गाठला. ८३ तासांच्या सरावानंतर मिनिटाला ३२ शब्दांचा वेग ५६ वर गेला. आकडे घवघवीत होते, तरी नौदलाने कीबोर्ड बदलला नाही. तेव्हा टाइपरायटर कंपन्यांचे कारखाने पिस्तुले आणि रायफली बनवण्यात गुंतलेले होते.

या चाचणीवर पुढे गंभीर आक्षेप आले. अर्थतज्ज्ञ स्टॅन लीबोवित्झ आणि स्टीफन मार्गोलिस यांनी १९९० मध्ये दाखवले की, तुलनेसाठी क्वर्टीवर सराव करणाऱ्या गटाचे मोजमाप वेगळ्या रीतीने झाले होते. शिवाय पेटंटधारक ड्वोरॅक स्वतःच नौदलात अधिकारी. हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. संशोधक आणि प्रचारक या दोन भूमिका त्यांच्याकडून नीट वेगळ्या राखल्या गेल्या नाहीत.

निर्णायक घाव कोणता?

१९५६ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी अर्ल स्ट्राँग यांनी चाचणी घेतली. दहा सरकारी टंकलेखकांना ड्वोरॅक मांडणी शिकवली. रोज चार तास सराव करून जुना वेग गाठायला त्यांना २५ हून अधिक दिवस लागले. त्यानंतर दुसऱ्या दहा जणांना क्वर्टीवरच जादा सराव दिला, तर ते पुढे निघून गेले. बदल करू नये, अशी शिफारस स्ट्राँग यांनी केली आणि सरकारने दार बंद केले. स्ट्राँग आधीपासूनच विरोधात होते, असा ड्वोरॅक समर्थकांचा आरोप राहिला. मूळ नोंदी स्ट्राँग यांनी नष्ट केल्यामुळे फेरतपासणीची वाटही उरली नाही. ड्वोरॅक यांचे पेटंट तोवर संपले होते. म्हणजे मांडणी कोणालाही फुकट वापरता येत होती, तरी कोणी वापरेना.

अखेरच्या वर्षांत ते निराश होते. तरी त्यांच्या कामातला एक भाग कमी चर्चिला गेला, तो इथे सांगायला हवा. एकच हात असलेल्यांसाठी त्यांनी दोन स्वतंत्र मांडण्या तयार केल्या होत्या, एक डाव्या हातासाठी, दुसरी उजव्यासाठी. विंडोजमध्ये त्या दोन्ही आजही आहेत. १० ऑक्टोबर १९७५ रोजी सिएटल येथे ड्वोरॅक यांचे निधन झाले. पुढे सातच वर्षांनी अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यांच्या मांडणीला पर्यायी मानक म्हणून मान्यता दिली. फक्त ७, ५, ३, १, ९ असा त्यांचा अंकांचा क्रम सोडून नेहमीचा १ ते ० घेतला. १९८४ च्या ॲपल टू-सी संगणकावर तर मांडणी बदलण्यासाठी चक्क एक बटण होते.

आज ही मांडणी कोण वापरते?

मुख्यतः प्रोग्रॅमर आणि मनगटदुखीला कंटाळलेले लेखक. संगणकात यंत्र बदलावे लागत नाही, सेटिंग बदलले की झाले. अडचण येते ती शॉर्टकटची. क्वर्टीवर कंट्रोलसोबतचे झेड, एक्स, सी, व्ही (मागे घ्या, कापा, कॉपी करा, चिकटवा) डाव्या हाताखाली शेजारी शेजारी आहेत. ड्वोरॅकमध्ये ते विखुरतात, तिघे तर उजव्या हाताकडे जातात, आणि माउस सोडावा लागतो. म्हणून मॅकमध्ये एक खास प्रकार आहे : लिहिताना ड्वोरॅक, कमांड दाबली की क्वर्टी. ‘विम’ या टेक्स्ट एडिटरमध्ये कर्सर हलवणाऱ्या एच, जे, के, एल या कळाही पांगतात. मग अनेकजण सेटिंगच्या फाइलमध्ये शॉर्टकट आपल्या बोटांप्रमाणे नव्याने बांधून घेतात. काहींना मात्र जे आणि के खालच्या ओळीत अजूनही शेजारी आहेत, तेवढे पुरते.

मराठीत असे काही आहे का?

आहे, आणि सरकारी मानकच आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. मधल्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. ‘पाटील’ हा शब्द त्यावर टाइप केला तर उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा असे हात आळीपाळीने चालतात. फोनवर दोन अंगठ्यांनी लिहिताना मात्र होम रो नसतेच. तरीही आयफोनने २०२२ मध्ये पडद्यावरच्या कीबोर्डसाठी ड्वोरॅकचा पर्याय दिला.