पेल्लेग्रिनो आर्तुझी

विद्वान् गृहस्थानें स्वयंपाकावर पुस्तक लिहावें, ही कल्पना पुष्कळांस हास्यास्पद वाटते. इटलींतील लोकांनाही ती एके काळीं तशीच वाटली होती. परंतु ज्या ग्रंथकाराची त्यांनीं थट्टा केली, त्याचेंच नांव पुढें त्या देशांत घरोघरीं झालें. त्या पेल्लेग्रिनो आर्तुझीचें चरित्र आमच्या बालवाचकांनीं अवश्य वाचावें असें आहे.

आर्तुझीचा जन्म ता. ४ ऑगस्ट १८२० रोजीं फोर्लिम्पोपोली या लहानशा गांवीं झाला. त्या वेळीं इटली हें एक राष्ट्र नव्हतें. देशाचे अनेक तुकडे झाले असून त्यांवर निरनिराळे सत्ताधीश राज्य करीत. हें गांव ज्या रोमान्या प्रांतांत आहे, तो पोपच्या अंमलाखालीं होता. पेल्लेग्रिनोचा बाप आगोस्तिनो हा सुखवस्तु दुकानदार होता. मुलाचें शिक्षण जवळच्याच बेर्तिनोरो येथील सेमिनरींत झालें, व पुढें तो बापाच्या व्यापारांत पडला.

तरुणपणीं बोलोन्या शहरीं एका खाणावळींत त्याची गांठ फेलिचे ओर्सिनी या क्रांतिकारकाशीं पडली. ओर्सिनी कटाच्या व बंडाच्या गोष्टी आवेशानें सांगत होता, आणि आर्तुझीचें लक्ष मात्र पुढ्यांतील मॅकॅरोनीकडे होतें! ही आठवण त्यानें स्वतःच मोठ्या विनोदानें लिहून ठेविली आहे. ओर्सिनीनें पुढें १८५८ सालीं पॅरिस येथें तिसऱ्या नेपोलियनच्या प्राणावर घाला घातला व त्याबद्दल त्यास देहान्त शिक्षा झाली. आर्तुझीच्या हातून देशाची जी सेवा व्हावयाची होती, ती निराळ्याच प्रकारची होती.

ता. २५ जानेवारी १८५१ च्या रात्रीं या कुटुंबावर मोठें संकट कोसळलें. गांवच्या नाटकगृहांत खेळ चालू असतां स्तेफानो पेल्लोनी नांवाच्या दरोडेखोरानें आपल्या टोळीसह गांवावर छापा घातला. नाटकास आलेल्या मंडळींस तेथेंच अडकवून ठेवून श्रीमंतांचीं घरें लुटण्यांत आलीं. आर्तुझीचें घरही त्यांतून सुटलें नाहीं. त्या रात्रीच्या धक्क्यानें पेल्लेग्रिनोची बहीण जेर्त्रूदे हिचें चित्त भ्रमिष्ट झालें, व अखेर तिला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. जन्मभूमींत राहणें असह्य होऊन हें कुटुंब फ्लॉरेन्स शहरीं जाऊन राहिलें.

तेथें आर्तुझीनें रेशमाच्या व्यापारांत चांगला पैसा मिळविला. नंतर धंद्यांतून मोकळा होऊन तो विद्याव्यासंगाकडे वळला. १८७८ सालीं त्यानें फोस्कोलो कवीचें चरित्र लिहिलें, व १८८१ सालीं जूस्ती कवीच्या पत्रांवर टिपणें प्रसिद्ध केलीं. दोहोंसही लोकाश्रय मिळाला नाहीं.

१८९१ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, त्यानें पाकशास्त्रावरील आपला ग्रंथ पदरच्या खर्चानें छापविला. त्यांत ४७५ पाककृती होत्या व प्रती अवघ्या १,००० काढिल्या होत्या. तो त्यानें आपल्या दोन मांजरांस अर्पण केला! हें पुस्तक चालणार नाहीं, असें भविष्य एका विद्वान् प्राध्यापकानें आधींच वर्तविलें होतें. जन्मगांवच्या एका सोडतींत बक्षिसादाखल त्याच्या दोन प्रती ठेविल्या, तर ज्यांना त्या मिळाल्या त्यांनीं त्या तंबाखूवाल्यास विकून टाकिल्या. स्वतःच्या गांवानें केलेली ही अवहेलना त्या वृद्धास किती लागली असेल बरें!

तरीही तो खचला नाहीं. पहिल्या हजार प्रती खपावयास चार वर्षें लागलीं. पण पुढें ठिकठिकाणच्या गृहिणी त्यास पत्रें लिहूं लागल्या. प्रत्येक कृति तो मारिएत्ता साबातीनी व फ्रान्चेस्को रुफिल्ली या आपल्या दोन नोकरांकडून घरीं करवून पाही, आणि पसंत पडली तरच ग्रंथांत घाली. अशा रीतीनें वाढत वाढत या कृतींची संख्या ७९० झाली.

या ग्रंथाची खरी थोरवी निराळीच आहे. १८६१ सालीं इटलीचें राज्य स्थापन झालें, १८७० सालीं रोमही त्यांत आलें. पण प्रांतोप्रांतींचे लोक आपापल्या बोली बोलत, व थोरामोठ्यांच्या मुदपाकखान्यांत फ्रेंच शब्दांची चलती होती. आर्तुझीनें सोप्या फ्लॉरेन्टाईन भाषेंत, मधून मधून मजेच्या गोष्टी पेरीत, लिहिलें. त्यामुळें एका प्रांताचें अन्न दुसऱ्याच्या ताटांत आलें, आणि त्याबरोबर एक भाषाही घरांत आली. दक्षिणेकडील पदार्थ त्यांत थोडे आहेत, हा त्यांतील उणेपणा कबूल केला पाहिजे. परंतु सैन्यानें व कायद्यानें जोडलेल्या देशाचीं मनें जोडण्यास या पुस्तकानें मोठाच हातभार लाविला.

ता. ३० मार्च १९११ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, आर्तुझी मरण पावला. तो अविवाहित होता. ग्रंथाचे हक्क त्यानें त्या दोन विश्वासू नोकरांस दिले, आणि आपली मालमत्ता, ज्या गांवानें त्याचें पुस्तक तंबाखूवाल्यास विकलें होतें, त्याच फोर्लिम्पोपोलीस ठेविली. २००७ सालीं त्या गांवानें त्याच्या नांवानें एक पाककलामंदिर उघडलें.

चुलीपुढील काम हलकें, अशी समजूत आपणांतही थोडी नाहीं. घरीं आई रोज जें करिते, त्यास विद्येचा मान देण्यासाठीं एका वृद्ध माणसानें वीस वर्षें वेंचिलीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढच्या वेळीं ताटावर बसतांना आठवावें.