कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

ज्यांनीं मराठी वाचकांस आकाश वाचावयास शिकविलें, त्या कै. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों. त्यांचा जन्म १८५३ सालीं कोंकणांतील मुरूड गांवीं झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकून ते शिक्षक झाले. आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथेंही त्यांनीं अध्यापन केलें. विद्यापीठाची पदवी त्यांजपाशीं नव्हती; तरी शाळेचें काम सांभाळून त्यांनीं ज्योतिषगणिताचा सखोल व्यासंग केला.

त्या काळीं पंचांग घरोघरीं असे. परंतु त्यांतील नक्षत्र आकाशांत दाखविणारा विरळा. सामान्य वाचकांसाठीं त्यांनीं १८९२ सालीं ‘ज्योतिर्विलास’ हें सुबोध पुस्तक प्रसिद्ध केलें. १८९६ सालीं त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा बृहद्ग्रंथ निघाला. कृत्तिका पूर्वेस उगवतात, या शतपथ ब्राह्मणांतील उल्लेखावरून त्यांनीं गणितानें तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षें ठरविला. या निर्णयाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत; परंतु ग्रंथांतील वचन आकाशाशीं ताडून पाहण्याची दृष्टि त्यांनीं दिली.

१८९८ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, हिवाळ्यांत रात्रीं गच्चीवर जाऊन कृत्तिकांचा पुंजका शोधा; या थोर शिक्षकाचें तेंच खरें स्मरण होय.