पडद्यामागची चित्रकर्ती : मेरी ब्लेअर

तुम्ही ‘सिंड्रेला’ हा कार्टून चित्रपट पाहिला असेल किंवा त्याची गोष्ट तरी ऐकली असेल. भोपळ्याची बग्गी होते, घरकामाने दमलेली मुलगी राजवाड्यात जाते आणि बाराचे ठोके पडू लागताच पळत सुटते. ही बग्गी पडद्यावर धावली त्याच्या कितीतरी आधी ती एका कागदावर रंगवली गेली होती. भोवती गडद निळी रात्र आणि त्या निळ्या अंधारात चमकणारी एवढीशी बग्गी! हे चित्र काढणाऱ्या बाईंचे नाव मेरी ब्लेअर. चित्रपट पाहणाऱ्याला त्यांची अशी चित्रे सहसा दिसत नाहीत. तरीही चित्रपट कसा दिसावा, हे त्यांतूनच ठरले.

हे कसे, ते समजण्यासाठी त्या काळी कार्टून चित्रपट कसा तयार होई, ते पाहू. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. सव्वा तासाच्या चित्रपटात अशी लाखभर चित्रे डोळ्यांसमोरून जातात. एकट्याचे हे काम नव्हे. शेकडो माणसे ते वाटून घेत. कोणी पात्रांच्या हालचाली काढी, कोणी त्या पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर उतरवून रंगवी, कोणी मागचे घर, रस्ता आणि आकाश रंगवी. प्रत्येकाने आपल्या मनाचे रंग वापरले, तर एका गोष्टीत दहा गोष्टी दिसतील. म्हणून सुरुवातीला काही मोजके चित्रकार छोटी छोटी चित्रे काढतात. गोष्टीतली रात्र कशी असावी, वाडा केवढा असावा, कोणत्या रंगांत ती मुलगी एकटी वाटेल, हे त्या चित्रांत ठरते. त्यांना संकल्पनाचित्रे म्हणतात. मेरी ब्लेअर यांचे काम हे होते.

मेरी यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९११ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात झाला. माहेरचे आडनाव रॉबिन्सन. त्या लहान असतानाच हे कुटुंब कॅलिफोर्नियात आले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या लॉस एंजलिसच्या शुइनार्ड कलाशाळेत शिकल्या. १९३४ मध्ये ली ब्लेअर या चित्रकाराशी त्यांचा विवाह झाला. दोघांनाही जलरंगांत चित्रे काढून जगायचे होते. पण ते मोठ्या मंदीचे दिवस होते. लोकांना नोकरी मिळत नव्हती, तिथे चित्रे विकत कोण घेणार? पोटासाठी दोघेही कार्टून चित्रपटांच्या कामाकडे वळले. १९४० मध्ये मेरी वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत दाखल झाल्या. तेथे बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला रेघा गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे काम येई. मेरी यांना कल्पनेचे काम मिळाले, तरी त्यांचे मन रमले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

त्याच वर्षी, म्हणजे १९४१ मध्ये, डिस्ने काही कलावंतांना घेऊन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. अमेरिकेच्या सरकारला शेजारच्या देशांशी मैत्री वाढवायची होती, त्यासाठी हा दौरा होता. ली यांचे नाव यादीत होते, मेरी यांचे नव्हते. त्यांनी स्वतः डिस्ने यांच्याकडे जाऊन आपल्यालाही नेण्याची मागणी केली आणि ती मान्य झाली.

या प्रवासाने त्यांची चित्रकला पार बदलली. आधीची त्यांची जलचित्रे मऊ, फिकट, जरा उदास वाटत. ब्राझील, अर्जेंटिना आणि इतर देशांतले बाजार, सण, कपडे आणि मुलांचे चेहरे पाहून त्यांनी पातळ रंग सोडले व दाट, झळझळीत रंग हाती घेतले. गुलाबीशेजारी नारिंगी, काळ्याशेजारी पिवळा! आकारही साधे आणि सपाट झाले. या दौऱ्यानंतर आलेल्या ‘द थ्री कॅबालेरोज’ या चित्रपटात मेक्सिकोतील मुलांच्या नाताळच्या मिरवणुकीची त्यांची चित्रे जवळजवळ जशीच्या तशी दाखवली आहेत. असे भाग्य त्यांच्या चित्रांना क्वचितच लाभले.

महायुद्धानंतर डिस्ने यांचा स्टुडिओ कर्जात बुडाला होता. १९५० मध्ये आलेल्या ‘सिंड्रेला’ने तो सावरला. ‘ॲलिस इन वंडरलँड’ (१९५१) आणि ‘पीटर पॅन’ (१९५३) यांचीही असंख्य संकल्पनाचित्रे मेरी यांनी काढली. त्या वेळी त्या न्यूयॉर्कजवळ राहत होत्या. दोन लहान मुलगे होते. त्या घरी चित्रे काढत आणि विमानाने कॅलिफोर्नियाला जात.

पण इथेच खरी अडचण होती. त्यांची चित्रे डिस्ने यांना फार आवडत. पडद्यावर मेरीचे रंग दिसले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. हालचाली काढणाऱ्या चित्रकारांना मात्र गोल, भरीव, खरी वाटणारी पात्रे हवी होती. अशी पात्रे मेरी यांच्या सपाट जगात बसेनात. मग त्यांचे रंग थोडे थोडे सौम्य केले जात आणि धारदार आकार गुळगुळीत होत. ‘ॲलिस’मधील पत्त्यांच्या शिपायांची मिरवणूक पाहा. तिथे मेरी यांचा हात स्पष्ट ओळखू येतो. इतरत्र तो शोधावा लागतो.

१९५३ मध्ये त्यांनी स्टुडिओ सोडला. मुलांची पुस्तके आणि जाहिराती यांसाठी त्या चित्रे काढू लागल्या. दहा वर्षांनी डिस्ने यांनी त्यांना पुन्हा बोलावले. न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी जगभरच्या मुलांच्या हलत्या, गाणाऱ्या बाहुल्यांची दुनिया उभारायची होती. प्रेक्षक होडीत बसून त्या दुनियेतून जाणार होते. या वेळी त्यांचे रंग सौम्य करायला कोणी नव्हते. जे कागदावर होते तेच उभे राहिले.

१९६६ मध्ये डिस्ने वारले आणि मेरी यांना मिळणारी मोठी कामे कमी झाली. तरी १९७१ मध्ये फ्लोरिडातील डिस्नेच्या एका हॉटेलात त्यांनी टाइल्सचे सुमारे ९० फूट उंच भित्तिचित्र घडवले. त्यातल्या एका बकरीला चार नव्हे, पाच पाय आहेत! पाहुणे आजही ती शोधत मान वर करून उभे राहतात.

२६ जुलै १९७८ रोजी मेरी ब्लेअर यांचे निधन झाले. २००९ मध्ये जपानमधील टोकियो येथे त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. स्टुडिओतल्या सहकाऱ्यांना दाखवण्यापुरते रंगवलेले ते कागद तेथे चौकटीत, भिंतीवर लावलेले होते.