अण्णा भाऊ साठे : तमाशाच्या फडातून लोकनाट्याकडे

आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग समाजात जन्मलेल्या तुकाराम भाऊराव साठे यांचे शालेय शिक्षण अवघे दीड दिवसाचे, असे चरित्रकार सांगतात. पोटासाठी कुटुंबासह पायी मुंबईस आलेल्या या मुलास अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्यांवरून आणि चित्रपटांच्या जाहिरातींवरून. लोकरंजनाच्या साधनांकडे अण्णा भाऊंनी कधी तुच्छतेने पाहिले नाही, याचे एक मूळ येथे असावे. गिरणीतील काम सुटल्यावर ते गावी परतले व नात्यातील बापू साठे यांच्या फडात वावरले. सोंगाड्याच्या एका वाक्याने समुदाय कसा ताब्यात येतो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

१९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा अण्णा भाऊ ऐन चोविशीत होते. गिरणगावातील तरुण कामगार हा कोकणातून वा देशावरून आलेला. पोवाडा, लावणी, वग ही त्याची घरची करमणूक होती. राजकीय व्याख्यानास न फिरकणारा हा वर्ग कलापथकाच्या खेळास मात्र गर्दी करी. परंतु अण्णा भाऊंनी केवळ जुन्या चालीत नवा प्रचार भरला, असे म्हणणे अपुरे आहे. गणातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी मातृभूमीचे व हुतात्म्यांचे वंदन आणले, गौळण वगळली आणि सोंगाड्याच्या विनोदाचा रोख सावकार व पुढारी यांच्याकडे वळविला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’ ही लोकनाट्ये या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगी आहेत.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील ‘माझी मैना’ ही छक्कड याचा सर्वोत्तम नमुना होय. गावी राहिलेल्या पत्नीसाठी झुरणाऱ्या कामगाराचा शृंगारिक विरह हा लावणीचा जुनाच विषय. त्यातूनच बेळगाव, कारवार, निपाणीच्या वियोगाची व्यथा उभी राहते. सीमाप्रश्न नकाशावर न समजलेल्या तरुणास तो आपल्या संसाराच्या ताटातुटीतून समजला. अर्थात गाण्याने जमलेला समुदाय चळवळीत टिकला, याचे श्रेय कामगार संघटनांच्या रोजच्या कामालाही द्यावे लागेल. शाहिरीचा गौरव करताना अभ्यासक हे बहुधा विसरतात. उलटपक्षी, या रचनांना प्रचारकी ठरविणाऱ्या समीक्षेने मैदानावरचा श्रोता विचारातच घेतला नाही.

‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीस राज्य पुरस्कार लाभला, १९६१ मध्ये रशियाचा प्रवासही घडला. दारिद्र्य मात्र सुटले नाही. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.