डॉ. जेम्स नेस्मिथ : खेळाचे जनक आणि संघाचे प्रशिक्षक

चरित्रनायकाची थोरवी त्याच्या विजयांवरून मोजण्याची आपल्याला सवय असते. डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या बाबतीत ही सवय अडचणीची ठरते. बास्केटबॉल हा खेळ त्यांनी निर्माण केला, हे तुमच्यापैकी अनेकांनी शालेय पुस्तकात वाचले असेल. परंतु अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे ते पहिले बास्केटबॉल प्रशिक्षक होते आणि त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले, हे सहसा सांगितले जात नाही. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांमध्ये विजयांपेक्षा पराजय अधिक असलेले ते एकटेच आहेत. हा विरोधाभास समजून घ्यावयाचा असेल, तर त्यांच्या आयुष्याकडे थोडे मागून पाहावे लागते.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, आल्मॉण्ट गावाजवळ, ६ नोव्हेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी आई आणि वडील दोघेही विषमज्वराने दगावले. पुढे मामांनी त्यांना वाढवले. माध्यमिक शिक्षण अर्ध्यावर सोडून ते लाकूडतोडीच्या कामाला लागले आणि काही वर्षांनी पुन्हा शाळेत आले. आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून शिकणे म्हणजे काय, हे तुमच्यापैकी काहींना वेगळे सांगावयास नको. १८८७ मध्ये माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठाची पदवी आणि नंतर धर्मशास्त्राचे शिक्षण, असा त्यांचा प्रवास झाला. धर्मोपदेशक होण्याची सर्व तयारी झालेली असताना त्यांनी व्यायामशाळा निवडली. तरुणांचे चारित्र्य घडविण्याचे काम व्यासपीठाइतकेच मैदानावरही होऊ शकते, अशी त्यांची धारणा होती.

१८९१ च्या हिवाळ्यात ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात शिकवत होते. तेथे १८ विद्यार्थ्यांचा एक वर्ग बंदिस्त व्यायामशाळेतील त्याच त्या कवायतींना कंटाळला होता. विभागप्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी नेस्मिथ यांना नवा खेळ शोधण्यासाठी दोन आठवडे दिले. मैदानी खेळ छताखाली आणण्याचे प्रयोग धसमुसळेपणामुळे फसले. तेव्हा त्यांनी प्रश्न उलट्या बाजूने धरला. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडावे लागते म्हणून इजा होते. मग चेंडू घेऊन धावूच दिले नाही तर? आणि लक्ष्य समोर उभे न ठेवता डोक्यावर आडवे ठेवले, तर जोराचा उपयोगच उरत नाही. यासाठी त्यांना बालपणीचा एक खेळ आठवला. आपल्या लगोरीशी दूरचे नाते सांगता येईल असा तो होता : मोठ्या दगडावर ठेवलेला लहान दगड लांबून नेम धरून पाडावयाचा. त्यात जोराने भिरकावण्यापेक्षा अलगद वरून टाकलेला दगड अधिक कामी येई.

डिसेंबर १८९१ मध्ये पीच या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. कठडा १० फूट उंच होता, म्हणून टोपलीही तितक्याच उंचीवर आली आणि आजही ती तेथेच आहे. खेळाचे नियम होते १३. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही त्यांच्या रचनेकडे अवश्य लक्ष द्यावे. पहिले दोन नियम काय करता येते ते सांगतात, तिसरा लगेच काय करता येत नाही ते सांगतो, आणि पुढे निषेध व त्याचा परिणाम यांची साखळी येते. अलंकार नाही, विशेषणांची गर्दी नाही. व्यवहारोपयोगी गद्याचा याहून चांगला नमुना मला सहज आठवत नाही.

डेन्व्हर येथे वैद्यकशास्त्राची पदवी घेऊन १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनामंदिराची व्यवस्था ही त्यांची मुख्य कामे; बास्केटबॉल संघ त्यांत ओघाने आला. ३ फेब्रुवारी १८९९ रोजीचा पहिलाच सामना संघाने १६–५ असा गमावला. पराभवाने ते फारसे अस्वस्थ होत नसत. पंचाचे काम त्यांना डावपेच आखण्याइतकेच, कदाचित अधिक, आवडे. हा खेळ शिकवण्याचा नसून खेळण्याचा आहे, असेच त्यांचे मत होते. त्यांचाच खेळाडू फॉरेस्ट अ‍ॅलन याने ते मानले नाही. १९०७ मध्ये गुरूची जागा घेतलेल्या अ‍ॅलन यांनी प्रशिक्षण हा स्वतंत्र व्यवसाय आहे हे सिद्ध केले आणि कॅन्ससला ५९० विजय मिळवून दिले. येथे शिष्याचे बरोबर होते, असे म्हणावे लागते.

परंतु प्रशिक्षक म्हणून नेस्मिथ यांचे सर्वांत मोठे काम त्या आकड्यांच्या बाहेर राहिले. १९३३ मध्ये जॉन मॅक्‌लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससला आला. वर्णभेदामुळे विद्यापीठाच्या संघाची दारे त्याला बंद होती. नेस्मिथ ती उघडू शकले नाहीत, हे चरित्रकाराने लपवू नये. मात्र त्यांनी त्याचे मार्गदर्शकत्व स्वीकारले आणि जो खेळ त्याला तेथे खेळता आला नाही, तो शिकवण्याची विद्या त्याला दिली. पुढे मॅक्‌लेंडन यांच्या टेनेसी येथील महाविद्यालयीन संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे एनएआयए या संघटनेचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा अमेरिकेतील प्रशिक्षकांनी निधी जमवून नेस्मिथ यांना तेथे पाठवले. उघड्या मैदानावर, पावसाच्या चिखलात झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडावर १९–८ अशी मात केली. एक त्यांची कर्मभूमी, दुसरी जन्मभूमी. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. खेळाच्या उगमाविषयीचे त्यांचे पुस्तक त्यानंतर, १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. लॉरेन्सच्या क्रीडागृहाला आज अ‍ॅलन यांचे नाव आहे. आतील खेळपट्टीला नेस्मिथ यांचे.