मांजर क्रमांक ४०० आणि डॉ. होसोकावा

जपानमधील मिनामाता हे समुद्रकाठचे गाव. तेथील चिस्सो रसायन कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. हाजिमे होसोकावा. त्यांचा जन्म १९०१ चा. एप्रिल १९५६ मध्ये त्यांच्याकडे एका लहान मुलीला आणले. तिला धड चालता-बोलता येत नव्हते. दोनच दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीतही तीच लक्षणे दिसू लागली आणि तीही दाखल झाली. १ मे रोजी रुग्णालयाने या अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली.

आधी साथीची शंका आली. पण बहुतेक रुग्ण कोळ्यांच्या घरचे होते, रोज खाडीतले मासे खाणारे. त्यांच्या घरची मांजरेही झटके येऊन मरत होती. धागा जेवणातच होता. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले.

कारखान्याच्या सांडपाण्यातला हा पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत वाढत जातो. तो मांसातील प्रथिनांना चिकटतो. धुऊन, तळून किंवा शिजवून जात नाही. शरीरातला निम्मा पारा बाहेर पडायला साधारण दीड-दोन महिने लागतात. रोज असे मासे खाणाऱ्याच्या अंगात तो साठतच राहतो आणि गर्भवतीकडून बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो.

होसोकावांनी सांडपाणी मांजरांच्या खाण्यात मिसळून पाहिले. ऑक्टोबर १९५९ मध्ये मांजर क्रमांक ४०० मध्ये तीच लक्षणे दिसली. कंपनीने निष्कर्ष दडवला आणि नोकरीत असलेले होसोकावाही गप्प राहिले. विषारी सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. १९७० च्या जुलैमध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी न्यायालयासाठी साक्ष दिली. ऑक्टोबरमध्ये ते वारले. १९७३ मध्ये निकाल रुग्णांच्या बाजूने लागला.

आपल्याकडेही ठाण्याची खाडी आणि उल्हास नदीच्या मुखाजवळच्या गाळात कारखान्यांतून आलेला पारा सापडला आहे. म्हणून मासे सोडायचे का? मुळीच नाही. मुरगूडकरांच्या ताटातले रोहू, कटला किंवा कोकणातून येणारे बांगडा, तारली यांत पारा सहसा कमी असतो. मुशी आणि मोठी सुरमई हे दुसरे मासे खाणारे मासे. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांनी मुशी टाळावी, मोठी सुरमई क्वचितच खावी.

हातपाय बधिर होणे, तोल जाणे अशी तक्रार असेल तर काय खाता, कुठले खाता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि आम्ही डॉक्टरांनी, कारण सापडल्यावर, ते वेळेत बोलायला हवे.